निळी

"ती द्या."

इतकंच म्हणतात. तापाची, पित्ताची, बीपीची, सगळ्या गोळ्यांना माझ्या काउंटरवर काही ना काही नाव आहे. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा "ती लाल-पिवळी लांबोडकी दे रे बाळा" म्हणून कॅप्सूल मागते. हिचं वर्णन कोणी करत नाही. माणूस आधी रस्त्यापलीकडच्या टपरीवर थांबतो. दुकानात बाईमाणूस आहे का, गावातलं कोणी बसलंय का, ते बघतो. मग येऊन खोकल्याची गोळी मागतो, पैसे मोजतो, पायरी उतरता उतरता परत वळतो. कोणी रिकाम्या पट्टीचा चांदीसारखा तुकडा पुढे सरकवतो आणि त्यावर अंगठा असा दाबून धरतो, की त्याची अक्षरं मलाही दिसू नयेत.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं मी हिला ओळखतो. तिचं पाळण्यातलं नाव सिल्डेनाफिल. अंगापिंडाने छोटी, आकाराने शंकरपाळ्यासारखी. निदान तिचं मूळ रूप तरी तसं. आता वेगवेगळ्या कंपन्यांनी तिला गोल, लांबट, कशीही घडवली आहे. राहते चार जणींच्या पट्टीत. निळा रंग नुसता वरचा अंगरखा आहे. अर्धी तोडली की आत पांढरी निघते. दुकानातून निघते ती वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून. पुढे तिचा मुक्काम कुठे कुठे असतो, ते मला लोकांच्या बोलण्यातून कळलंय: मोटारसायकलच्या डिकीत, तंबाखूच्या पिशवीत, भाताच्या कणगीमागे, देवळीतल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीशी. घरात एक माणूस सोडून कोणाला ती माहीत नसते. आणि याच एका गोष्टीचं मला तिच्या बाबतीत फार वाईट वाटतं, कारण तिचा जन्म कोणीतरी तोंड उघडल्यामुळे झालेला आहे.

ती आली होती छातीच्या दुखण्यासाठी. इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे. तिथे फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हिला घडवलं ते हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात म्हणून. तेव्हा हिला नावही नव्हतं, यूके-९२४८० असा नुसता नंबर होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धडधाकट पुरुषांवर चाचण्या झाल्या, त्यांतली एक वेल्समधल्या मर्थर टिडफिल या खाणी आणि भट्ट्यांच्या गावात. छातीवर हिचा गुण बेताचाच निघाला. पण त्या पुरुषांमधल्या काहींनी लाज गिळून सांगितलं, की या गोळीनं भलतंच काहीतरी होतंय. त्यांनी सांगितलं आणि विचारणाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, लिहून घेतलं. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेने हिला परवानगी दिली. आपल्याकडे त्या काळी औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी आपापल्या कृतीने हिला लवकरच बाजारात आणलं. मूळ कंपनीची गोळी भारतात रीतसर आली ती २००५ अखेरीस. तोवर आमच्या रस्त्यावर ती रुळलेली होती.

हिचं आणखी एक घर आहे, तेही इथे सांगून ठेवतो. जन्मतः फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या बाळांना काही वेळा हेच औषध देतात. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी हिचीच वीस मिलिग्रॅमची पांढरी गोळी असते. एका बापाने ती चिठ्ठी माझ्याकडे आणली होती. नाव वाचलं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाळाला ही कशाला, असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत होता. मी त्याला बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं. हिच्याबद्दल मी गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोललो ती बहुधा पहिलीच वेळ.

तोवर मी बोलत नव्हतो. चिठ्ठी बघायचो, पट्टी गुंडाळायचो, पैसे घ्यायचो. माणूस ओशाळतो, त्याला आणखी कशाला ओशाळवायचं, असं मी स्वतःला सांगत असे. ते चुकीचं होतं. माझी ती सवय पुरती मोडली टोकावड्याकडच्या एका माणसाने.

थोडी शेती आणि काळी-पिवळी जीप, असं त्याचं चालायचं. वय पन्नाशीला टेकलेलं. दुपारी दुकान रिकामं असताना आला आणि बराच वेळ कंगव्यांचं कार्ड बघत उभा राहिला.

"शेठ, एक विचारू का?"

"विचारा की."

"रात्री माझा बैल निळा दिसला."

मी हसलो नाही, एवढं बरं केलं. त्याने सांगितलं ते असं. पन्नासच्या गोळीने काम होईना म्हणून त्याने कुठूनतरी शंभरची मिळवली आणि लवकर गुण यावा म्हणून वर आणखी एक अर्धी घेतली. तासाभराने गोठ्यात जनावर धडपडलं म्हणून बाहेर आला. ट्यूबलाइटखाली त्याचा पांढराशुभ्र बैल नीळ घातलेल्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखा दिसत होता. दिव्याभोवती वलय होतं, उजेड डोळ्यांत टोचत होता. सकाळी बैल पांढरा. हा माणूस आठ दिवस गप्प बसला. बायकोला सांगायचं तर गोळीचं सांगावं लागणार. भगताकडे जायचं त्याच्या मनात आलं होतं, पण तिथेही आधी गोळीचंच सांगावं लागलं असतं.

"गोळीचा रंग डोळ्यात उतरतो का हो?"

हा प्रश्न मला नंतरही पुष्कळांनी विचारला. रंग उतरत नाही. ती बिनरंगाची असती तरी बैल निळाच दिसला असता. हे समजायला हिची भावकी समजून घ्यावी लागते.

आपल्या पेशींमध्ये सीजीएमपी नावाचा एक निरोप्या असतो. तो आला की रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि रक्त वाहतं. हा निरोप्या फार वेळ रेंगाळू नये म्हणून त्याला मोडून टाकणारी पीडीई नावाची विकरं शरीरात आहेत. या भावकीची घरं अकरा. शास्त्रज्ञांनी त्यांना नंबरच दिले आहेत. पुरुषाच्या इंद्रियात काम करतं ते पाचवं घर. निळी जाते ती पाचव्या घरी, आणि तिथल्या माणसाचे हात धरून ठेवते. निरोप्या टिकतो, रक्त येतं, राहतं. मनात इच्छा नसेल तर निरोप्याच येत नाही, मग ही धरणार कोणाचे हात? हेही लोकांना ठाऊक नसतं.

पाचव्याला लागून सहावं घर आहे, आणि ते सबंध शरीरात मुख्यतः एकाच जागी आहे: डोळ्याच्या पडद्यात, उजेड टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशींमध्ये. दोन्ही घरांची चेहरेपट्टी इतकी सारखी, की निळीला फरक कळतो तो साधारण दहापट. म्हणजे थोडकी असली तर ती पाचव्याच घरी थांबते. जास्त झाली की सहाव्याची कडी वाजवते.

त्या सहाव्या घरात काय चालतं, ते मी जीपवाल्याला भातसा धरणाच्या दरवाजांवरून सांगितलं. शहापूरच्या माणसाला दरवाजे उघडणं म्हणजे काय, ते समजावावं लागत नाही. पडद्यावरच्या पेशीलाही असे बारीक दरवाजे असतात, आणि नवल म्हणजे ते अंधारात उघडे असतात. सीजीएमपीची पाचर त्यांना उघडं धरून ठेवते आणि विजेचा प्रवाह अखंड आत येत राहतो. उजेडाचा कण पडला की सहाव्या घरचं विकर धावतं, पाचर काढून मोडतं, दरवाजा बंद होतो, प्रवाह घटतो. प्रवाह घटला, म्हणजे उजेड आला, असं मेंदू वाचतो. आपण आयुष्यभर जे पाहतो ते सगळं या दरवाजांच्या बंद होण्यातून. आता निळीने त्या विकराचे हात धरले, तर पाचरा वेळेवर निघत नाहीत. उजेडाचा निरोप जातो, पण बदलून जातो. दिवा जास्त प्रखर वाटतो, कडा पुसट होतात, निळ्या-हिरव्यातला फरक ओळखणं जड जातं, पांढऱ्यावर निळसर झाक येते.

किती जणांना? परवानगीच्या वेळच्या चाचण्यांमध्ये गरजेप्रमाणे मात्रा घेणाऱ्या शंभरातल्या तिघांनी दृष्टीची तक्रार सांगितली. ठरवून शंभर मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये अकरा जणांनी. त्याच्या दुप्पट घेतली, तर जवळजवळ निम्म्यांना काही ना काही दिसतं. जोर असतो तो तासा-दोन तासांत, आणि औषध रक्तातून ओसरेल तसा तोही ओसरतो. अमेरिकेत तर ही गोळी आली त्याच वर्षी वैमानिकांना सांगण्यात आलं, की घेतल्यावर सहा तास विमान चालवू नका. त्यांना निळे-हिरवे दिवे नेमके ओळखावे लागतात. आमच्याकडे विमानं नाहीत, माळशेज घाट आहे. पावसाळ्यात धुकं उतरलेलं, समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा, एका बाजूला दरी. कसाऱ्याला रात्रभर कंटेनरची रांग. या दोन तालुक्यांतली किती माणसं स्टिअरिंगवर पोट भरतात, ते मला माहीत आहे, कारण कंबरदुखीचं मलम तीच नेतात. घाटाच्या तोंडाशी लावलेल्या कुठल्याच पाटीवर ही सूचना मी पाहिलेली नाही. म्हणून आता मी ती तोंडी देतो.

निळीला मी दोष देत नाही. पडद्याची कार्यशक्ती मोजायची एक तपासणी असते, इलेक्ट्रोरेटिनोग्राम. छातीला तारा लावून ईसीजी काढतात, तसा डोळ्यावर बारीक तार ठेवून पडद्याचा विजेचा आलेख काढतात. शंभरच्या गोळीनंतर त्या आलेखात थोडा फरक दिसतो आणि काही तासांत जातो. सहा महिने रोज पन्नास मिलिग्रॅम घेणाऱ्यांची अशी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले, आणि कायमचं नुकसान आढळलं नाही. योग्य मात्रेत, योग्य माणसाच्या घरी, ही पाहुणी आल्या पावली परत जाते.

मात्रा सुटली तर काय होतं, त्याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. एका एकतीस वर्षांच्या माणसाने इंटरनेटवरून हेच औषध द्रवरूपात मागवलं. सोबत मोजायची नळी होती. त्याने बाटलीच तोंडाला लावली. त्याला सगळं लालसर दिसू लागलं आणि ते गेलंच नाही. माउंट सिनाई रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्याच्या पडद्याची पेशी-पेशी दाखवणारी छायाचित्रं काढली. शंकुपेशींना इजा झालेली होती. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मात्रा जपूनही धोका राहतो असे काही लोक असतात. ज्यांच्या घरात पिढीजात रातांधळेपणा आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू वठत जातो, त्यांतल्या काही घराण्यांत बिघाड नेमका सहाव्या घराच्या जनुकात असतो. तिथला माणूस जन्मापासूनच अर्ध्या हातांनी काम करतोय. त्याचे उरलेले हातही धरायला निळीने जाऊ नये. म्हणून मी हल्ली विचारतो: घरात कोणाला संध्याकाळनंतर दिसायचं कमी झालं होतं का? आज्याला? मामाला? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, म्हणून मामाचं मुद्दाम विचारतो.

आणि एक आहे ते डोळ्याच्या नसेचं. माणूस सकाळी उठतो आणि एका डोळ्याने खालचं अर्धं जग दिसत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. ही गोळी घेणाऱ्यांत असे रुग्ण आढळले, आणि जुलै २००५ मध्ये अमेरिकेने तसा इशारा पाकिटावर छापायला लावला. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ही आणि हिच्या जातीची औषधं नियमित घेणाऱ्या २,१३,०३३ पुरुषांच्या नोंदी तपासल्या. नसेचा हा आजार, पडद्याखाली पाणी साचणं आणि पडद्याची शीर तुंबणं, असे तीन धोके मिळून या औषधांबरोबर ८५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. ८५ ऐकून घाबरायला होतं. मूळ आकडाच लहान आहे: दहा हजार माणसांमागे वर्षाला साधारण पंधरा. पण त्या पंधरांपैकी जो एक असेल, त्याला आकड्याच्या लहानपणाचं काय?

इथे एक गाठ आहे, आणि मला सर्वांत जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल. हा माणूस निळीकडे आलाच का? पुष्कळदा त्याच्या रक्तात साखर वाढलेली असते, दाब वाढलेला असतो, तंबाखू-विडीने शिरा आवळलेल्या असतात. इंद्रियाच्या शिरा बारीक, म्हणून दुखणं तिथे आधी दिसतं. हृदयाच्या शिरा जाड, त्यांचं कळायला कधी कधी आणखी काही वर्षं जातात. आणि डोळ्याच्या पडद्याच्या शिरा तर केसाहून बारीक. साखर त्यांनाही पोखरत असते, माणसाला पत्ता नसतो. म्हणजे ज्याच्या हातात मी ही पट्टी ठेवतो, नेमक्या त्याच माणसाने डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला हवा असतो. दुखणं स्वतःहून चालत दुकानात आलेलं असतं आणि आम्ही दोघं मिळून ते वर्तमानपत्रात गुंडाळत असतो.

मी जीपवाल्याला विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? चार-पाच वेळा, म्हणाला. वजन? विजार ढिली झाली होती. छातीत दुखतं तेव्हा जिभेखाली ठेवायची गोळी, सॉर्बिट्रेट, घेता का? हा प्रश्न मी आता कोणालाच सोडत नाही. ती आणि निळी एकाच दिवशी पोटात गेल्या तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस उठत नाही. तो घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात साखर तपासली. तीनशेच्या वर निघाली.

जत्रेचंही सांगायला हवं. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, भांडी, आणि कडेला औषधांचे तंबू. तिथे पुड्या मिळतात. मुसळीला माझा विरोध नाही. पहिल्या पावसात आमच्या ठाकर-कातकरी बाया टोपलीतून जी फोडशी विकायला आणतात, त्याच झाडाचा कंद म्हणजे सफेद मुसळी. त्याच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवली आहे. पण वनस्पतीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये हेच सिल्डेनाफिल कुटून घातलेलं जगभरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तिथे निळीला अंगरखाही नाही, नाव नाही, मात्रा नाही. जिभेखालची गोळी घेणारा म्हातारा ती 'जडीबुटी' म्हणून घेतो. पुरुषशक्तीच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तंबूवाल्याचा भोंगा तो कायदा ऐकत नाही.

याउलट, शास्त्राधाराने बोलणाऱ्याला आपण काय दिलं? र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, लोकांच्या लाजेच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली. १९३४ मध्ये त्याबद्दल खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड भरावा लागला. मला हे आठवतं ते अंगठ्याखाली दाबलेला तो पट्टीचा तुकडा बघताना.

मागच्या पावसाळ्यानंतर जीपवाला आला. तालुक्याला डोळे तपासून परतत होता. पडदा पाहायला बाहुली मोठी करणारं औषध घातलेलं, त्यामुळे ऊन सोसत नव्हतं. डोळ्यांना पाणी, एक हात बायकोच्या खांद्यावर. दुकानात आणखी दोघी जणी होत्या, एक मुलाच्या जंताचं औषध घेत होती. मी त्याला बाकावर बसायला सांगितलं. त्याने चिठ्ठी पुढे केली, पण डोळे दिपल्यामुळे ती त्याला वाचता येत नव्हती. मग त्याने तोंडानेच सांगितलं, सगळ्यांदेखत, नीट आवाजात:

"साखरेच्या महिन्याच्या. आणि सिल्डेनाफिल, पंचवीसची, चार."

मी पट्टी काढली. कपट्यासाठी वर्तमानपत्राकडे हात गेला, तो मागे घेतला. बायकोने पट्टी उचलून उजेडात धरून पाहिली.

"बैल निळा दिसला तो हिच्यानंच ना?"

"हिच्यानंच. पण तेव्हा मात्रा फार झाली होती."

"पंचवीसनं दिसायचा नाही ना?"

"सहसा नाही. दिसलाच, किंवा एका डोळ्यानं कमी दिसलं, तर त्याच दिवशी यायचं. आणि घेतली त्या रात्री जीप काढायची नाही."

तिने पट्टी साखरेच्या गोळ्यांच्याच पिशवीत टाकली आणि गाठ मारली.

"मी विचारीन त्यांना," ती म्हणाली. "आता सांगतात ते."